पेट्रोलची जागा कोण घेणार? इथेनॉल, सीएनजी, वीज आणि हायड्रोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेताना, विकताना किंवा पंपावर टाकी फुल करताना लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बोलणं मुख्यतः चारचाकीबद्दल आहे. दुचाकी ओघात आली तेवढीच. दर २०२५ मधले, मुंबई-पुण्याकडचे आणि ढोबळ धरलेत. तुमच्या गावचा दर घालून आकडेमोड पुन्हा करून बघा.

येत्या दहा-पंधरा वर्षांत पेट्रोल बंद होणार का?

नाही. आज शोरूममधून निघालेल्या पेट्रोल गाडीचं पासिंगच पंधरा वर्षांचं असतं, आणि पुढे फिटनेस काढून ती आणखी चालवता येते. म्हणजे नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री उद्या थांबली तरी २०४० पर्यंत पंप लागणारच.

‘पुढचं इंधन कोणतं?’ असं विचारणाऱ्याला एकच नाव ऐकायचं असतं. तसं होताना दिसत नाही. रिक्षा, टॅक्सी आणि भरपूर रनिंगवाले सीएनजीकडे गेले. शहरात ठरलेल्या फेऱ्या मारणारे हळूहळू विजेकडे वळताहेत. उरलेल्यांच्या टाकीतल्या पेट्रोलमध्येच पाचवा हिस्सा इथेनॉल, म्हणजे ऊस-मक्यापासूनचं अल्कोहोल, येऊन बसलं. पेट्रोल असं चहूबाजूंनी कुरतडलं जातंय. त्यामुळे आपलं रोजचं रनिंग किती आणि गाडी रात्री कुठे उभी राहते, या दोन गोष्टींवर आपला पर्याय ठरतो.

शंभर वर्षांत पेट्रोलला कोणी हटवू शकलं नाही, असं त्यात आहे तरी काय?

एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा. चाळीस लिटरची टाकी म्हणजे ३६० युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची साडेतीन महिन्यांची वीज. आणि ती भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मिनिटाला तीस लिटर सोडणारं नोझल त्या वेळात सोळा मेगावॉटच्या वेगाने ऊर्जा ओतत असतं. हायवेवरचा चांगला फास्ट चार्जर ६० किलोवॉटचा, म्हणजे त्याच्या अडीचशे पटीहून हळू. शिवाय हे द्रव साध्या पत्र्याच्या टाकीत राहतं. ना दाब लागतो, ना थंडावा.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा आपल्याकडे मोटारी आणि बसगाड्यांना लोणारी कोळशाची भट्टी जोडून तिच्या गॅसवर इंजिनं चालवली गेली. सकाळी आधी भट्टी पेटवायची, मग गाडी. चढ आला की गाडीला दम लागायचा. युद्ध संपलं, पेट्रोल परत आलं आणि भट्ट्या भंगारात गेल्या.

पेट्रोलची दुखरी बाजू इंजिनात आहे. नऊ युनिटांतली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून जाते. विजेची मोटर ८५ ते ९० टक्के ऊर्जा कामाला लावते. बॅटरी इतकी जड असूनही इलेक्ट्रिक गाडी स्पर्धेत आहे, ती याच एका कारणाने.

आज पंपावर जे ‘पेट्रोल’ मिळतं, त्यात नेमकं काय असतं?

ऐंशी टक्के पेट्रोल आणि वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. हेच ई२०. या प्रयोगाची सुरुवात बऱ्याच अंशी महाराष्ट्रातच झाली : २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ चाचणी प्रकल्प झाले. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरलं. पुढची दहा वर्षं मात्र फारसं काही हललं नाही. २०१३-१४ मध्ये देशभरातलं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. मग वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के पूर्ण झाले, वीस टक्क्यांचं २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं अलीकडे ओढलं गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई२० आलं आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं.

एवढ्या घाईचं कारण उघड आहे. आपण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

ई२० मुळे ॲव्हरेज खरंच पडतं का?

पडतं. किती, ते गणिताने काढता येतं. लिटरमागे पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल ऊर्जा धरली तर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, म्हणजे दोन तृतीयांश. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सुमारे पावणेसात टक्के ऊर्जा कमी भरते. पण २०२२ पासून आपण दहा टक्क्यांचं मिश्रण वापरतच होतो. त्याच्याशी तुलना केली तर घट साडेतीन टक्के. लिटरला १८ देणारी गाडी १७.४ देईल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची घट ६ ते ७ टक्केच दिली आहे. ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांची १ ते २ टक्के.

‘माझी गाडी वीस टक्के कमी द्यायला लागली’ असं सांगणारे भेटतात. त्यांनी आधी टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक घासत नाहीत ना, हे बघावं. ॲव्हरेज मोजायचं ते फुल टू फुल, एकाच पंपावर, दोन-तीन वेळा. मीटरवरच्या आकड्याला भुलू नका.

इथेनॉलची जमेची बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन (इंजिनात दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याच्या गुणाचा आकडा) १०८ च्या घरात असल्यामुळे ई२० चा ऑक्टेन ९५ पर्यंत जातो. आपलं आधीचं पेट्रोल ९१ चं होतं. मुळात जास्त कॉम्प्रेशनचं बनवलेलं इंजिन याचा फायदा उचलून घट भरून काढू शकतं. जुन्या इंजिनाला हा फायदा घेताच येत नाही. जास्तीचा ऑक्टेन फुकट जातो आणि कमी ऊर्जा तेवढी पदरात पडते.

माझी गाडी २०१५ ची आहे. इंजिन खराब होईल का?

इथे दोन प्रश्न एकात मिसळतात : एक इंजिनाच्या जुळवणीचा, दुसरा रबर आणि धातूचा.

जुळवणीचं आधी. पेट्रोल नीट जळायला वजनात १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा पट. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो; तो फरक ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन थोडं वाढवतो. म्हणून २०१५ ची कार सहसा कुरकुर करत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरसायकलला मात्र डोळेच नाहीत. ती ‘लीन’ (हवा जास्त, इंधन कमी) चालते, गरम होते, सकाळी चोक मागते. मेकॅनिक जेट बदलून किंवा स्क्रू फिरवून ते सांभाळू शकतो.

आता रबर. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत इथेनॉल सोसणारे पाईप आणि सील आहेत. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या दहा टक्क्यांपर्यंतच्या हिशोबाने बनलेल्या. जुना रबरी पाईप फुगतो, मऊ पडतो, मग क्लिपखाली चिरतो. कार्ब्युरेटर उघडला की फ्लोटच्या वाटीत तळाला पांढरट भुकटी दिसते. तीच जेटमध्ये अडकते. हे एका रात्रीत होत नाही, पण बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत लवकर होतं.

सगळ्यात त्रासदायक गोष्ट पाणी. घरी बघता येईल असा प्रयोग आहे, मात्र मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब करा. खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत १०० मिली ई२० घ्या, १० मिली पाणी घाला, हलवा, ठेवून द्या. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलखाली पाण्याचा थर दहाचा दहाच राहिला असता. इथे तो पंचवीस-तिसाच्या घरात चढतो, कारण इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याकडे जातं. टाकीत पुरेसं पाणी शिरलं तर हेच होतं, आणि इंधन पंप तळातूनच ओढतो. गाडी झटके देऊन बंद पडते.

म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, टाकीच्या झाकणाचं रबर बदला, फ्युएल फिल्टर वेळेआधी बदला आणि दहा वर्षांवरच्या गाडीचे रबरी पाईप एकदा बदलून टाका. खर्च काही हजारांत भागतो. विमा रद्द होतो ही अफवा. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

पंपावर बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल मागता येत नाही का?

नेहमीच्या नोझलला तो पर्याय ठेवलेला नाही. तो मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळली गेली. धोरण बरोबर की चूक हा भाग वेगळा, पण जुन्या गाडीच्या मालकाला निवडच न ठेवणं मला तरी पटत नाही.

इथेनॉल आपल्याच उसाचं. मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

कारण इथेनॉल स्वस्त नाही. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने ठरवलेले दर लिटरला असे : सी हेवी, म्हणजे साखर काढून शेवटी उरलेल्या मळीपासूनचं ५७ रुपये ९७ पैसे, उसाच्या रसापासूनचं ६५ रुपये ६१ पैसे, मक्यापासूनचं ७१ रुपये ८६ पैसे. जुलै २०२५ अखेर तेल कंपन्यांना वाहतूक आणि जीएसटी धरून ते सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडत होतं. कर लागण्याआधीचं पेट्रोल याहून स्वस्त असतं. पंपावरच्या शंभर रुपयांत करांचा वाटा मोठा आहे, तो तसाच राहिला.

पैसा वाचला तो परकीय चलनात, आणि थोडा पोचला उसाच्या पट्ट्यात. साखर गोदामात पडून राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात आणि त्यातून कारखान्याला एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर) भागवणं सोपं जातं. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हा फरक शेतकऱ्यालाही जाणवतो. तो नाकारण्यात अर्थ नाही.

मग सगळ्याच गाड्या शंभर टक्के इथेनॉलवर का चालवत नाहीत?

चला, हिशोबच करू. देशात वर्षाला सुमारे ४ कोटी टन पेट्रोल जातं, म्हणजे ५,४०० कोटी लिटर. इथेनॉलची ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढंच पळायला दीडपट, म्हणजे ८,१०० कोटी लिटर लागेल. एक टन उसाच्या रसापासून ७० लिटर इथेनॉल निघतं. हेक्टरी ८० टन ऊस धरला तर हेक्टरी ५,६०० लिटर. भागाकार केला की येतात जवळपास १४५ लाख हेक्टर. आज अख्ख्या देशात ऊस आहे ५५ ते ६० लाख हेक्टरवर. म्हणजे आहे त्याच्या अडीचपट ऊस लावायचा, आणि त्यातून साखरेचा एक दाणाही काढायचा नाही.

पाणी त्याहून बिकट. नीती आयोगाच्याच अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. मराठवाड्यातल्या कोणालाही हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस बिघडला की धोरणही बिघडतं : ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली, कारण साखर कमी पडेल अशी भीती होती. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, पण ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या होत्या त्यांचं गणित विस्कटलं. ही बंधनं उठली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये.

त्यानंतर मक्याने उसाला मागे टाकलं. मक्याला भाव आला, शेतकरी खूश झाला, आणि कोंबडीखाद्य महागलं. एरवी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयात करू लागला. तेलाची आयात कमी करायला निघालो आणि धान्याची सुरू झाली, असं झालं तर काय मिळवलं?

आता त्याच एका हेक्टरची दुसरी बाजू बघा. उसाचं ५,६०० लिटर इथेनॉल, लिटरला १२ किलोमीटर धरून, कारला ६७ हजार किलोमीटर नेतं. तिथे सोलर पॅनल लावले तर वर्षाला साधारण ७ लाख युनिट वीज निघते. वाटेतली गळती वजा करूनही इलेक्ट्रिक कार चाळीस लाख किलोमीटर जाईल. साठपट. चिपाडावरची वीज उसाच्या बाजूने मोजली तरी हा फरक बुजत नाही. बागायत जमीन पॅनलखाली घाला असं म्हणणं नाही. त्यासाठी माळरान पुरे. गाडी पळवण्यासाठी पीक घेणं हा जमिनीचा फार खर्चिक वापर आहे, एवढं यातून दिसतं. इथेनॉल मिसळायला चांगलं. पूर्ण जागा घ्यायला ते पुरणार नाही.

ब्राझीलला जमलं, मग आपल्याला का नाही?

ब्राझीललाही पहिल्या फटक्यात जमलं नाही. हा इतिहास आपल्याकडे अर्धाच सांगितला जातो.

१९७३ च्या तेलसंकटाने ब्राझीलचं कंबरडं मोडलं आणि साखरेचे भावही कोसळले. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तिथल्या लष्करी सरकारने ‘प्रोआल्कूल’ कार्यक्रम जाहीर केला. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ आली. थंडीत ती सुरू व्हायची नाही, म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी द्यावी लागायची. तरी अनुदान आणि स्वस्त दरामुळे लोकांनी ती उचलली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर विकल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ नव्या गाड्या अल्कोहोलच्या होत्या.

मग १९८६ मध्ये तेल स्वस्त झालं. पुढे साखर महागली आणि कारखान्यांनी रस साखरेकडे वळवला. १९८९-९० मध्ये पंपांवर अल्कोहोल मिळेना. लोक रांगेत, गाड्या दारात. ज्यांच्या गाडीत दुसरं काही चालतच नव्हतं त्यांची अवस्था काय झाली असेल! ग्राहकाने अशी पाठ फिरवली की नव्वदच्या दशकात अल्कोहोलच्या नव्या गाड्या जवळपास कोणी घेईना.

गाडं रुळावर आणलं २००३ च्या फोक्सवॅगन गोल ‘टोटल फ्लेक्स’ने. पेट्रोल टाका, इथेनॉल टाका, हवं तसं मिसळा. सेन्सर बघून घेतो. तेव्हापासून तिथला माणूस पंपावर एक साधा भागाकार करतो : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. साखर महागली, इथेनॉल चढलं, तर तो मुकाट दुसरं नोझल उचलतो. तिथल्या ‘पेट्रोल’मध्येही इथेनॉल असतंच, १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के.

आपला फरक दोन ठिकाणी आहे. ब्राझीलकडे पावसावर येणारा ऊस, अफाट जमीन आणि आपल्या सातव्या हिश्शाइतकी माणसं. दुसरं म्हणजे त्यांनी ग्राहकाच्या हातात निवड दिली, आपण मिश्रण दिलं. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या १८३ पंपांवर ई१००, म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉल, विकायला सुरुवात झाली. टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसचं फ्लेक्स-फ्युएल रूप ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवलं. पण शोरूममध्ये जाऊन ‘फ्लेक्सवाली द्या’ म्हणाल तर सेल्समन तुमच्याकडे बघत राहील. इंधन आधी आलं, गाड्या मागे राहिल्या. आणि ई१०० पेट्रोलच्या ७० टक्के दरात मिळाल्याशिवाय ती गाडी घेऊनही उपयोग नाही.

सीएनजी परवडते का?

रनिंग असेल तर नक्की. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी १८ देते, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे. सीएनजी ८० रुपये किलो आणि गाडी २५ देते, म्हणजे ३ रुपये २० पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ६० पैसे वाचले. कंपनी फिटेड सीएनजीला साधारण ९०-९५ हजार जास्त मोजावे लागतात; ते वसूल व्हायला छत्तीस हजार किलोमीटर. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याचे दोन वर्षांत फिटतात. रोज पंधरा जाणाऱ्याला साडेसहा वर्षं लागतील, आणि तोवर तो गाडी विकून मोकळा झालेला असतो.

आकड्यांत न दिसणारी किंमत रांगेत मोजावी लागते. सकाळी कामावर जायच्या वेळी पंपावर गेलात तर तीस-चाळीस मिनिटं सहज. नंबर आला की सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेलं पोर कडेवर घ्यायचं, आणि मग पंपवाला सांगतो, ‘प्रेशर कमी आहे, साडेपाचच बसेल.’ साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या दाबाला आठ-नऊ किलो बसायला हवा, पण कॉम्प्रेसर दमलेला असला की काटा १५० च्या पुढे सरकत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तीच रांग. लांबच्या गावाला निघताना कोणत्या तालुक्यात पंप आहे हे आधी विचारून ठेवावं लागतं.

पिकअप दहा-पंधरा टक्के कमी होतो, घाटात जाणवतं. डिकी जाते, टाटाने २०२३ मध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवून ती बऱ्यापैकी वाचवली. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) करून प्लेट लावून घ्या. ती नसेल तर पंपवाला गॅस भरत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बाहेरून किट बसवणार असाल तर मान्यताप्राप्त ठिकाणीच, आणि आरसी बुकावर चढवून.

पण गॅसही बाहेरूनच येतो ना?

निम्म्याच्या आसपास, होय. प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), शेण आणि ओल्या कचऱ्यापासूनचा बायो-सीएनजी हा त्यावरचा घरचा उपाय, आणि उसापासून इथेनॉल करण्यापेक्षा मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. २०१८ मध्ये ‘सतत’ योजनेत पाच हजार प्रकल्पांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. चालू झालेले त्याच्या जवळपासही नाहीत.

इलेक्ट्रिक गाडी कोणाला परवडते?

ज्याला स्वतःच्या पार्किंगमध्ये प्लग मिळतो त्याला. बाकी सगळं दुय्यम आहे.

घरी १० रुपये युनिट आणि युनिटला सात किलोमीटर धरले तर दीड रुपयाच्या आत काम होतं. हायवेवरच्या फास्ट चार्जरवर २०-२४ रुपये युनिट पडतं, म्हणजे किलोमीटरला तीन-साडेतीन; सीएनजीच्या बरोबरीला आलं. फक्त बाहेर चार्ज करणाराला इंधनबचतीचं अर्धं कारण उरत नाही.

शहरात खरी लढाई सोसायटीत होते. ‘मीटर कोणाच्या नावावर?’, ‘लोड पेलेल का?’, ‘आग लागली तर?’ हे तीन प्रश्न प्रत्येक सभेत येतात. स्वतःच्या मीटरवरून वेगळी केबल, तिला स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग, हा सरळ मार्ग. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून चार्जिंग करणारे दिसतात. ते करू नका.

रेंज कंपनी सांगते त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा, एक्स्प्रेसवेवर शंभरने पळवणार असाल तर नक्कीच. घाट उतरताना मोटर उलट चार्ज करते आणि बॅटरीचा आकडा एक-दोन टक्क्यांनी वर चढतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. पण चढताना गेलं त्यातलं थोडंच परत येतं. बॅटरीवर सहसा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे.

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी ८९ निव्वळ विजेच्या होत्या, चीनमध्ये प्लग-इन हायब्रिड (प्लगवर चार्ज होणाऱ्या, पण पेट्रोल इंजिनही असलेल्या) धरून जवळपास निम्म्या. आपल्याकडे २०२४-२५ मध्ये शंभरातल्या दोन-तीन. रांजणगाव आणि चाकणला इलेक्ट्रिक गाड्या बनतात, पण बॅटरीच्या सेलसाठी आपण बहुतांशी चीनवर अवलंबून आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरमधल्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा आपले कारखाने धास्तावलेच. आखाती तेलाऐवजी चिनी सेल, ही अदलाबदल डोळे उघडे ठेवूनच करायला हवी.

वीज तर कोळशाचीच. मग धूर फक्त चंद्रपूरला हलवला, असंच ना?

बऱ्याच अंशी खरं आहे. देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशापासून येते. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तारांतली गळती धरून इलेक्ट्रिक कारचा किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आसपास जातो. पेट्रोल कारचा धुराड्यातून १२८, आणि तेल काढण्या-गाळण्याचा धरला तर दीडशेच्या पुढे. म्हणजे आज फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. बॅटरी बनवतानाचा धूर मोजला तर पहिली काही वर्षं तो फेडण्यातच जातात. फरक असा की ग्रिडमध्ये दरवर्षी सौर आणि पवनऊर्जा वाढते, त्यामुळे आज घेतलेली इलेक्ट्रिक कार पाचव्या वर्षी आपोआप थोडी स्वच्छ झालेली असते. पेट्रोल कारचं तसं होत नाही. आणि सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाणारा धूर आजच थांबतो.

हायड्रोजनचं काय? मंत्री तर त्या गाडीतून संसदेत गेले होते.

गेले होते. ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी टोयोटा मिराईतून संसद भवनात आले. गाडी उत्तम आहे. अडचण हायड्रोजन बनवण्याची. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला ५०-५५ युनिट वीज लागते आणि त्यावर कार शंभर किलोमीटर जाते. तीच वीज थेट बॅटरीत घातली तर साडेतीनशे. शिवाय वायू ७०० बारला दाबायचा, तसे पंप उभारायचे. शेलने कॅलिफोर्नियातले कारसाठीचे हायड्रोजन पंप २०२४ मध्ये बंद केले. खत, पोलाद, कदाचित लांब पल्ल्याचे ट्रक, इथे हायड्रोजनला काम आहे. तुमच्या-माझ्या कारला नाही.

हायब्रिड हा सुवर्णमध्य आहे का?

इंधन पेट्रोलच, फक्त इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असल्याने कमी लागतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ निव्वळ विजेवरही चालणारी) लिटरला पंचवीसच्या आसपास देऊ शकते. प्लग मिळत नाही आणि रनिंग भरपूर आहे अशांना चांगली. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते; त्या शब्दाला जास्त पैसे देऊ नका.

मोगली एरंड, मिथेनॉल, ऑटो एलपीजी?

मोगली एरंडाचा (जट्रोफा) गाजावाजा २००३ नंतर खूप झाला. पडीक जमिनीवर डिझेल पिकेल असं सांगितलं गेलं. पडीक जमिनीवर पडीक जमिनीइतकंच उत्पन्न आलं. मिथेनॉल आसामात पंधरा टक्के मिसळून पाहिलं गेलं. ते विषारी आहे आणि त्याची ऊर्जा पेट्रोलच्या निम्मी. ऑटो एलपीजीचे पंप कमी होत चाललेत, नव्या कारचा विचार करताना सोडून द्या.

पाण्यावर चालणारी गाडी?

नाही. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. राख पुन्हा जळत नाही. असं किट विकायला कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आज नवी गाडी घ्यायची तर कोणती?

रोज २० किलोमीटरच्या आत आणि वर्षातून दोन-चारदा गावाला : ई२० ला चालणारी साधी पेट्रोल, किंवा प्लग असेल तर इलेक्ट्रिक. रोज ४०-५० आणि स्वतःचं पार्किंग : इलेक्ट्रिक, फारसा विचार न करता. रोज ४०-५०, पण गाडी रस्त्यावर उभी राहते : सीएनजी, मात्र घराजवळच्या पंपाची रांग आधी दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा. विदर्भ-मराठवाड्यात लांब अंतरं आणि पंप-चार्जर विरळ : पेट्रोल किंवा हायब्रिड.

जुन्या पेट्रोल कारला इलेक्ट्रिक किट बसवता येतं का?

कायद्याने येतं. किट एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलं हवं, आणि बसवल्यावर आरटीओत इंधनाचा प्रकार बदलून आरसी नवी करून घ्यावी लागते. सगळा खर्च मुख्यतः बॅटरीचा असतो, आणि चांगल्या बॅटरीचे पैसे बहुतेक वेळा त्या जुन्या गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होतात. रोज ठरलेली फेरी मारणाऱ्या व्यावसायिक गाडीला विचार करता येईल. घरच्या दहा वर्षांच्या हॅचबॅकला त्याऐवजी नवे पाईप आणि फिल्टर घाला.